घोडीला फ्लू झाला, पण कुठल्या व्हर्जनचा?

मागच्या लग्नसराईत सदरमध्ये आमच्या गल्लीत वरात थांबली होती. डीजे चालू असूनही घोडीचा खोकला ऐकू येत होता, नाकही वाहत होतं. लगाम धरलेल्या काकांना विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? ते म्हणाले, "सर्दी आहे भाऊ. तपासणीत ग्लँडर्स निघाला तर घोडीच जाईल ना माही."

भीती खोटी नाही. ग्लँडर्स हा बॅक्टेरियाचा आजार, माणसालाही होतो, आणि पॉझिटिव्ह घोड्याला आपल्याकडे मारावंच लागतं. फ्लूचे बहुतेक घोडे मात्र विश्रांतीने बरे होतात. पण ताप, खोकला, वाहतं नाक दोन्हींत दिसतं. फरक लॅबच सांगते.

फ्लूसाठी नाकात खोलवर लांब स्वॅब घालतात आणि कोरोनात ऐकलेली तीच आरटी-पीसीआर करतात. ती सांगते फ्लू आहे की नाही. खरी माहिती पुढे, सीक्वेन्सिंगमध्ये. या व्हायरसचा जीनोम आठ तुकड्यांचा, सगळी अक्षरं मिळून साधारण साडेतेरा हजार. टेक्स्ट फाईल केली तर ग्रुपवरच्या गुड मॉर्निंग फोटोपेक्षा लहान! मग जुन्या व्हायरसशी ती ताडून बघतात. आम्ही कोडच्या दोन व्हर्जनचा डिफ काढतो, जवळपास तसंच.

याने काय होतं? जून २००८ मध्ये कटऱ्याला, वैष्णोदेवीच्या पायथ्याशी, घोडे-खेचरं आजारी पडली. पुढे साथ म्हैसूर, अहमदाबादपर्यंत गेली. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने व्हायरस वेगळा करून वाचला: एच३एन८, फ्लोरिडा वंशाची दुसरी शाखा, त्या काळात चीन-मंगोलियात फिरणाऱ्या व्हायरसच्या जवळचा. आपली देशी लस होती ए/इक्वाइन/लुधियाना/८७ वर बेतलेली. नावातच सगळं आहे: ए प्रकार, घोडा, लुधियाना, १९८७. म्हणजे वीसेक वर्षं जुनं व्हर्जन. मग कटऱ्याचा स्ट्रेन घेऊन लस अपडेट झाली. निव्वळ 'पॉझिटिव्ह' एवढ्या रिपोर्टवर हे कळलंच नसतं.

जागतिक पशुआरोग्य संघटनेचे तज्ज्ञही दरवर्षी असेच सीक्वेन्स बघून लशीत कुठले स्ट्रेन हवेत ते सुचवतात. आपल्या गल्लीतल्या घोडीचा स्वॅबच गेला नाही, तर तिचा व्हायरस त्या हिशेबात येणार कुठून?

नागपूरला हे नवीन नाही. सदरहून काटोल रोडने गेलं की गोरेवाडा. तिथे डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, नमुने भोपाळच्या लॅबला गेले, आणि जानेवारीत कळलं की तो एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू होता. वाघ मेला की बातमी होते, नमुना जातो. घोडी खोकली तर कोण विचारतं? घोड्यांचा एच३एन८ सुद्धा २००४ मध्ये फ्लोरिडात शर्यतीच्या कुत्र्यांत शिरला होता. आपल्या वरातीमागे कुत्री किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे.

माझ्या मते अडचण मशीनची कमी, रोजीची जास्त आहे. फ्लू झालेल्या घोड्याला तापाच्या प्रत्येक दिवसामागे एक आठवडा आराम द्यावा, असं पशुवैद्यक सांगतात. तीन दिवस ताप, तर तीन आठवडे काम बंद. हे मी काकांना सांगितलं, तर त्यांनी मोबाईल काढून बुकिंगच्या तारखा दाखवल्या. त्या महिन्यात मुहूर्ताचा एकही दिवस रिकामा नव्हता.