शांतता विकत घेताना

चंडीगडच्या सेक्टर १७ मधील मुख्य चौक केवळ पादचाऱ्यांसाठी आहे. ल कॉर्बुझिए यांनी नगरकेंद्र म्हणून योजिलेल्या या विस्तीर्ण, फरसबंद आवारात मोटारींचा गोंगाट नाही. तरीही अनेकांच्या कानांत बिनतारी, गोंगाटनिवारक इअरबड दिसतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्यांचे प्रयोजन समजून घ्यायला हवे.

या उपकरणातील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो व नेमकी उलट ध्वनिलहर निर्माण करून तो शमविला जातो. विमानाची घरघर, पंख्याची घुरघुर असे एकसुरी, खर्जातील आवाज त्यामुळे चांगले दबतात. हॉर्न वा संभाषण तितकेसे नाही. ते अडविण्यासाठी इअरबडची रबरी टोपी कानात नीट बसावी लागते. म्हणून खरेदीच्या वेळी जाहिरातीतील आकड्यांपेक्षा आपल्या कानाचे माप महत्त्वाचे.

खरा लाभ आहे तो आवाज कमी ठेवता येण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित. ९० डेसिबलला हीच मर्यादा अवघी ४ तास. अंतर्कर्णातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. ही ठेव मोडली की परत भरता येत नाही.

रस्ता ओलांडताना इअरबड काढावेत. आणि सेक्टर १७ मधील बँक स्क्वेअर असो वा आपल्या गावची शाखा, काउंटरच्या दोन्ही बाजूंचे कान मोकळे असावेत. व्यवहार विश्वासावर चालतो, आणि विश्वासाचा आरंभ ऐकून घेण्यात असतो.