टाळी कशाला वाजवली?



'पावनखिंड' २०२२ च्या फेब्रुवारीत लागला, तेव्हा आम्ही घरचे सगळे दुपारच्या खेळाला गेलो. दुपारचाच, कारण सूर्यास्ताआधी घरी येऊन जेवायचं होतं. कोरोनामुळे दोन वर्षं थिएटरची पायरी चढलो नव्हतो. सासूबाईसुद्धा हौसेने आल्या.

गोष्ट आपल्याला पाठ आहे. जुलै १६६०, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, पावसाळी रात्र, महाराज विशाळगडाकडे निघालेले. शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसतात, तेव्हा माझा गळा दाटून आला. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू दोन्ही हातांत शस्त्र घेऊन उभे राहतात. अजय पुरकरांनी बाजी असे उभे केले आहेत की अंगावर काटा येतो. थिएटरात शिट्ट्या, टाळ्या, घोषणा. मीही टाळ्या वाजवत होते.

घरी येताना धाकटीने विचारलं, "आई, तू पिठातली अळीसुद्धा हळूच बाहेर सोडतेस. मग माणसं पडत होती तेव्हा टाळ्या का वाजवल्यास?"

मला उत्तर सुचेना. सासूबाई म्हणाल्या, "बाजी कुणाचं राज्य घ्यायला गेले नव्हते गं. आपल्या राजाला वाचवायला उभे होते."

त्यांचं खरंच आहे. आपल्या धर्मात गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायला सांगितली आहे. स्वतःच्या, आश्रितांच्या रक्षणासाठी नाइलाजाने होते ती विरोधी हिंसा, आणि गृहस्थाला ती पूर्ण सुटत नाही. श्रवणबेळगोळचा भगवान बाहुबली घडवून घेणारे चामुंडराय स्वतः सेनापती होते. अहिंसा म्हणजे भित्रेपणा, असं कुणी म्हणालं तर मी हेच उदाहरण देते.

पण मुलीचा प्रश्न बाजीप्रभूंबद्दल नव्हताच, माझ्याबद्दल होता. बाजी खिंडीत होते, मी गादीच्या खुर्चीत. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींनी कर्म बांधलं जातं, हे आपण पाठशाळेत शिकलो. महाराज सुखरूप पोचल्याची विशाळगडावरची तोफ ऐकून टाळी वाजवली, ती त्या निष्ठेला होती. पण त्याआधी रक्ताची चिळकांडी उडाल्यावर जी वाजली, ती कशाला होती? समोर पडणाराही कुणाच्या तरी हुकमाने आलेला, कुणाच्या तरी घरचा होता.

भरत-बाहुबलींचीही सैन्यं समोरासमोर उभी होती. सैनिकांचा संहार नको म्हणून लढत दोघा भावांतच झाली. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. जिंकल्यावर बाहुबलींनी राज्यच सोडलं. पन्हाळा आणि कुंभोजचा बाहुबली, दोन्ही आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच. मुलांना दोन्हीकडे न्यावं, असं मला वाटतं.

असे सिनेमे पाहू नका, असं मी म्हणणार नाही. मुलांना अवश्य दाखवा. त्याग कसा असतो ते त्यांना कळू दे. फक्त टाळी कुठे वाजवायची आणि हात कुठे जोडायचे, ते आधी आपल्याला कळायला हवं.

त्या रात्री सामायिकाला बसले तेव्हा धाकटी शेजारी येऊन बसली. आम्ही नऊ वेळा णमोकार म्हटला, खिंडीच्या दोन्ही बाजूंना पडलेल्यांची आठवण ठेवून.