दौंड जंक्शनचा धडा

दौंड म्हटले की पाठोपाठ 'जंक्शन' आलेच. हा शब्द तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. पण त्याचे गणगोत किती जणांना माहीत असते? जॉइन, जॉइंट, कंजंक्शन, जंक्चर ही सारी एकाच लॅटिन धातूची लेकरे. मूळ अर्थ जोडणे. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत 'प्रोडक्शन' रोज कानी पडते. प्रोड्यूस, प्रोडक्टिव्ह, प्रोडक्टिव्हिटी त्याच घरची माणसे.

आपण मात्र मुलांना अवघड शब्दांच्या याद्या घोकायला लावतो. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, तरी ही खोड गेली नाही. घोकलेला शब्द परीक्षेपुरता टिकतो. मुलाखतीत नेमकी दातखीळ बसते आणि हुशार पोर मागे राहते. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे, आपल्या पद्धतीचा.

माणसाची खरी ओळख त्याच्या घरी गेल्यावर होते. शब्दाचेही तसेच आहे. तेव्हा आज सुटीच्या दिवशी मुलांना जवळ घ्या, ओळखीचा एकच शब्द कोशात काढा, त्याची भावंडे शोधा आणि प्रत्येकाचे एक वाक्य करा. आठवड्याला एक घर जोडले, तरी वर्षात बावन्न घरे होतात!