पटक्याची चिठ्ठी बिननावी कशी राहील?

माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य



मी मूळची नांदेडची शीख, लग्नानंतर पुण्यात आले. आमच्या घरात पंजाबीपेक्षा मराठीच जास्त बोलली जाते; माझा मुलगा तर रुसतो-भांडतोही मराठीतच. तो आता सातवीत आहे. रोज सकाळी सव्वासहाला तो माझ्याकडे पाठ करून बसतो. मी लाकडी कंग्याने त्याचे केस विंचरते, जुडा बांधते आणि त्यावर गणवेशाच्या रंगाचा निळा पटका. जानेवारी 2025 मध्ये एके दिवशी तो पटक्याशिवाय घरी आला. डोक्याला स्वेटर गुंडाळलेला, त्याच्या बाह्या हनुवटीखाली बांधलेल्या. ‘खेळताना हरवला,’ एवढंच म्हणाला.

हरवला नव्हता, हे मला महिन्याभराने कळलं. तेही पालकसभेच्या दिवशी, व्हरांड्यात, इतर चार पालकांच्या देखत. नेमकं काय घडलं होतं, हे आपल्याला सांगणं मला भाग आहे, कारण त्याचा संबंध आपल्या विभागाच्या एका निर्णयाशी आहे.

बदलापूरच्या शाळेतल्या बाल अत्याचाराच्या त्या भयंकर घटनेनंतर, ऑगस्ट 2024 मध्ये, आपल्या विभागाने शासन निर्णय काढला. सीसीटीव्ही बसवा, तक्रारपेटी लावा, मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नेमा. मुलांना बोलता येईल, त्यांचं ऐकलं जाईल, असा शब्द शासनाने तेव्हा दिला होता. आमच्या मुलाच्या शाळेतही पेटी आली. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, शिपायाच्या स्टुलासमोर, वर कॅमेरा. त्या जागी उभं राहून चिठ्ठी टाकायला मूल धजावेल का, हा प्रश्न कोणाच्या मनात आला होता का?

माझा मुलगा धजावला. वहीचं पान फाडून त्याने तीन ओळी लिहिल्या. मुलं जुड्यावर पट्टी मारतात. ‘बारा वाजले’ हा शिखांवरचा टोमणा ओरडतात. पीटीच्या तासाला पटका ओढून काढला आणि परत दिला नाही. नाव घातलं नाही, कारण नाव घालायची गरज नाही असं पेटीवरच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ती चिठ्ठी वर्गात वाचून दाखवली आणि विचारलं, ‘हे कोणी लिहिलंय?’ बाईंचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण छप्पन्न मुलांच्या त्या वर्गात पटका बांधणारा एकच आहे. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्याला ‘चोमडा’ हे नवं नाव मिळालं.

2011 च्या जनगणनेनुसार राज्यात पाचशे माणसांमागे जेमतेम एक शीख आहे. नांदेड, मुंबई किंवा उल्हासनगरच्या काही वस्त्या सोडल्या तर असं मूल आपल्या वर्गात बहुधा एकटंच असणार. त्याची तक्रार बिननावी राहूच शकत नाही. पारधी वस्तीवरून येणाऱ्या एकुलत्या मुलीचीही राहणार नाही. ही साधी गोष्ट शासन निर्णय लिहिताना कुणालाच कशी सुचली नाही? अमेरिकेत ‘शीख कोअ‍ॅलिशन’ या संघटनेने 2014 च्या अहवालासाठी शाळकरी शीख मुलांना विचारलं, तेव्हा पगडी-पटका बांधणाऱ्यांपैकी 67 टक्के मुलांनी छळ होत असल्याचं सांगितलं. आपल्या विभागाने इथल्या मुलांना कधी विचारलं आहे का?

‘घरी का सांगितलं नाही,’ असं मला शाळेने विचारलं. मीही त्याला तेच विचारलं होतं. खूप वेळाने तो म्हणाला, ‘मला केस कापावेसे वाटत होते. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस.’ तो खरं बोलत होता, मी रडले असते. वडिलांना सांगावं तर तेही तसेच. गुरुद्वाऱ्यात कोणाकडे बोलावं, तर तिथे प्रत्येक जण ओळखीचा. संध्याकाळपर्यंत गोष्ट आजीच्या कानावर गेली असती. ब्रिटनमधल्या शिखांनी आपल्या तरुणांसाठी गोपनीय हेल्पलाइन उभी केली, ती याच अडचणीपायी असणार असं मला वाटतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला आईबापांपासूनही झाकून ठेवावंसं काही असतं, आणि ते ऐकून पोटात ठेवणारं शहाणं माणूस त्याला हवं असतं. आई म्हणून हे लिहिताना मला सोपं जात नाही.

मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे, मानसिक आरोग्यासाठी 14416 आहे, असं आपले अधिकारी सांगतील. हे क्रमांक चांगलेच आहेत. पण मुलाकडे स्वतःचा फोन नाही. माझ्या फोनवरून, माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून तो काय बोलणार?

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेले निर्देश आपल्याला ठाऊक आहेतच. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. धर्म, जात, वंश, अपंगत्व यांवरून होणाऱ्या छळाची तक्रार गोपनीयपणे करता येईल अशी यंत्रणा उभारायची. ‘गोपनीय’ हा शब्द त्या निर्देशांत आहे. आमच्या शाळेत बाराशे मुलं आहेत. समुपदेशक कुठे आहेत असं विचारलं, तेव्हा चित्रकलेच्या सरांकडे बोट दाखवलं गेलं. त्यांनी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय म्हणे. सर प्रेमळ आहेत, पण ते मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम करतात. मुलाने सांगितलेलं ते कोणापासून लपवू शकतील?

एक गोष्ट मला अजून टोचते. चिठ्ठीच्या तीन आठवडे आधी, 26 डिसेंबरला, त्याच शाळेत वीर बाल दिवस झाला होता. गुरुपुत्र साहिबजादे जोरावरसिंग आणि फतेहसिंग सरहिंदला धर्म सोडायला तयार झाले नाहीत, म्हणून त्यांना मारलं गेलं, ही गोष्ट माझ्या मुलाने मंचावरून सांगितली. पाहुण्यांनी त्याच्या पटक्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. तो फोटो शाळेच्या फलकावर होता, आणि त्याच फलकासमोरून तो जानेवारीत स्वेटर गुंडाळून घरी आला.

म्हणून माझ्या मागण्या सांगते. समुपदेशक शाळेच्या पगारपत्रकाबाहेरचा असावा. शाळांच्या केंद्रनिहाय एक नेमला तरी चालेल. मूल त्याच्याकडे गेलं हे वर्गाला कळू नये, अशी वेळ आणि जागा ठरवून द्यावी. पेटीतली चिठ्ठी वर्गात वाचण्यास लेखी मनाई करावी. त्याला तर एक पैसाही लागत नाही. यांतलं काय करणार, कधी करणार, आणि करणार नसाल तर का नाही, याचं उत्तर मला हवं आहे.

शाळेचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही, आणि खाली सहीही करत नाही. शाळेचं नाव लिहिलं की माझ्या मुलाचं नाव आपोआप लिहिलं जातं.

आपली,
एक आई
पुणे