घरांतील दोन टोपल्या

घर झाडूनपुसून लख्ख ठेवणें हा गृहव्यवस्थेचा पहिला पाठ होय, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु झाडलेला केर उंबऱ्याबाहेर गेला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी जी समजूत बहुतेक घरांत रूढ आहे, ती आम्हांस बरोबर वाटत नाहीं. केर घरांतून जातो. तो नाहींसा होत नाहीं. तो कोणाच्या तरी हातीं पडतो व कोणाच्या तरी गांवीं जाऊन साचतो. मात्र तो कोणत्या रूपानें बाहेर जावा, हें ठरविणें घरच्या मंडळींच्या हातीं आहे, आणि त्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुणें शहराचा केर कित्येक वर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी ह्या गांवांच्या हद्दींत नेऊन टाकण्यांत येत असे. तेथील विहिरींचें पाणी बिघडलें, दुर्गंधीनें व माशांनीं लोक त्रस्त झाले, आणि गांवकऱ्यांस वेळोवेळीं केराच्या गाड्या अडवून धराव्या लागल्या. मुंबईंत देवनार येथें सन १९२७ पासून केर टाकण्यास आरंभ झाला. सन २०१६ च्या जानेवारींत तेथील ढिगास मोठी आग लागली, धूर कित्येक दिवस निवेना, व आसपासच्या शाळा कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागल्या. ज्यांचे वर्ग अशा रीतीनें बंद पडले, तीं मुलें आमच्या विद्यार्थ्यांच्याच वयाचीं होतीं.

केराचा ढीग असा पेटावा कशानें? भाजीचे देठ, फळांच्या साली, उरलेलें अन्न असा ओला केर ढिगाखालीं दडपला गेला व त्यास हवा मिळेनाशी झाली, म्हणजे तो कुजतांना मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु उत्पन्न होतो. ह्या वायूमुळें आग लागण्यास व धुमसत राहण्यास साहाय्य होतें. शिवाय तो वातावरणांत मिसळला, तर शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहूनही अधिक उष्णता धरून ठेवितो. आपल्याकडील शहरांच्या केरांत सुमारें निम्मा भाग अशा ओल्या केराचाच असतो. तोच केर मोकळ्या हवेंत, कोरड्या पाल्याच्या संगतीनें मुरला, तर त्याचें काळें, भुसभुशीत खत होतें. साल तीच, पण एके ठिकाणीं ती आगीस कारण होते, तर दुसऱ्या ठिकाणीं गुलाबाच्या झाडाचें अन्न होते.

म्हणून प्रत्येक घरीं दोन टोपल्या असाव्या, एक ओल्या केराची व एक सुक्याची, एवढेंच आमचें मागणें आहे. औषधांच्या बाटल्या, दाढीचीं पातीं व फुटकी कांच हीं मात्र वेगळीं बांधून द्यावीं. ओल्या केरासाठीं तळाशीं भोंकें असलेली मातीची मोठी कुंडी पुरेशी होते. तळाशीं नारळाच्या शेंड्या व वाळका पाला अंथरावा, वर दिवसाचा केर घालावा, व तो पुन्हां पाल्यानें झांकावा. चार दिवसांनीं एकदां खालवर करावें. घाण वास आल्यास ओल जास्त झाली असें समजून कोरडा पाला वाढवावा. हाडें व तेलकट अन्न त्यांत टाकूं नये. दोन-तीन महिन्यांत खत तयार होतें.

ह्यावर कोणी म्हणतील, “आम्ही कर भरतों, केर निवडण्याचें काम नगरपालिकेचें आहे.” हा आक्षेप वरकरणीं न्याय्य दिसतो. परंतु एकदां आमटींत भिजलेला कागद कोणत्याही करानें कोरडा होत नाहीं. घरांत एकत्र केलेला केर पुढें वेगळा करावयाचा, तर तो कोणा तरी बाईस आपल्या हातांनीं चिवडावा लागतो. पुण्यांत अशा कष्टकऱ्यांनीं सन १९९३ मध्यें ‘कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारिली. पुढें त्यांच्याच ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेनें सन २००८ मध्यें महानगरपालिकेशीं करार करून घरोघर केर गोळा करण्याचें काम हातीं घेतलें. त्यांत बहुसंख्य स्त्रियाच आहेत. सुका केर कोरडा व स्वच्छ मिळाला, तर तो विकून त्यांस चार पैसे मिळतात. ओल्यांत मिसळला, तर हातास जखमा व नाकास दुर्गंधि एवढेंच पदरीं पडतें. सन २०१६ च्या नियमांनीं केर वेगळा करून देणें बंधनकारक ठरविलें, हें खरें. पण नियम नसता तरीही हें सौजन्य आपल्याकडून घडावयास हवें होतें. संत गाडगे महाराज गांवांत शिरतांच आधीं खराटा हातीं घेत व मग कीर्तनास उभे राहत. त्यांचे धडे पाठ करणाऱ्या मुलांनीं स्वतःच्या घरची टोपली तरी निराळी ठेवावी.

केर वेगळा करण्याहून तो घरांत न आणणें अधिक चांगलें. सन २००५ च्या २६ जुलैस मुंबईंत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढें पाणी कोणत्याही गटारास झेपलें नसतें; तथापि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनीं तुंबलेल्या गटारांनीं त्या संकटांत भर घातली. महाराष्ट्र सरकारनें सन २०१८ मध्यें अशा पिशव्यांवर व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, तरी बाजारांतून रिकाम्या हातीं गेलेला मनुष्य पिशवी मागतोच. जुन्या धोतराची वा साडीची शिवलेली पिशवी दाराजवळ खुंटीस टांगलेली असावी. तसेंच ‘पर्यावरण वांचवा’ हा तक्ता थर्माकोलवर चिकटवून आणणाऱ्या विद्यार्थ्यास गुण देतांना शिक्षकांनीं थोडा विचार करावा, अशी त्यांस आमची नम्र सूचना आहे.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगणें जरूर आहे. हें सर्व काम आईच्या कामांत आणखी एक भर म्हणून पडूं नये. कुंडी खालवर करणें हें मुलांचें, पाला आणणें हें मुलींचें, वा उलट, व पिशवी आठवणीनें नेणें हें वडिलांचें, अशी वांटणी घरोघर व्हावी. येत्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांनीं आरंभींचा एक आठवडा घरांतून बाहेर जाणाऱ्या केराचें वजन रोज वहींत मांडावें. नंतर दोन टोपल्या सुरू करून पुढील तीन आठवडे तसेंच करावें. आंकडे समोर आले म्हणजे आमच्या ह्या लेखाहून ते घरच्या मंडळींस अधिक पटतील, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं.