शर्यत कोणाची?

संपादक महोदय,


गेल्या अंकातील पत्रलेखकांनी प्रोग्रॅमिंग भाषांच्या वेगाची तुलना करणाऱ्या ‘कम्प्युटर लँग्वेज बेंचमार्क्स गेम’च्या तक्त्यावरून पायथॉनला सरसकट बैलगाडी ठरवलं आहे. त्यांनी एन-बॉडीची ओळ वाचली. तिथं पायथॉन सी भाषेच्या खूप मागे पडतो, हे मान्यच. पण त्याच तक्त्यात पाय-डिजिट्सचीही ओळ आहे. पायचे अंक काढणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये पायथॉन सीच्या पुष्कळ जवळ येतो, कारण अवाढव्य आकड्यांचा हिशेब दोघंही जीएमपी या एकाच लायब्ररीवर सोपवतात, आणि ती लिहिली आहे सी व असेम्ब्लीत. म्हणजे सी धावली सीशीच! मँडलब्रॉटमधले वेगवान प्रोग्रॅम तर प्रोसेसरच्या व्हेक्टर सूचना हाताने लिहितात; रोजच्या कामात असा कोड किती जण लिहितात, देव जाणे. जावा मंद असल्याचा त्यांचा आक्षेपही तसाच. प्रोग्रॅम चालू असतानाच त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा जावाचा जेआयटी कंपायलर तापायच्या आत घड्याळ थांबवलं, तर मोजली जाते ती फक्त सुरुवात.

तक्ता खोटा नाही; त्याच्या नावातच ‘गेम’ आहे, एवढंच. पत्रलेखकांनी स्वतःचा कोड, कंपायलरची आवृत्ती आणि यंत्राचा तपशील छापायला द्यावा. मी तो माझ्या यंत्रावर चालवून आकडे कळवीन.

आपला,
एक प्रोग्रॅमर वाचक