खासदार आपला कसा ओळखावा?



निवडणुका आल्या की गेटसभेत आणि सॉर्टिंगच्या टेबलाशी एक वाक्य हमखास ऐकू येते, "कोणीही निवडून आला तरी आपल्याला काय?" हे म्हणणे किती खोटे आहे ते पाहण्यासाठी प्रा. मधु दंडवते यांची निवडणुकीतील वाटचाल आठवावी.

राजापूर मतदारसंघाने १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन वेळा बॅ. नाथ पै यांना लोकसभेत पाठवले. त्यांच्या निधनानंतर १९७१ साली त्याच कोकणी मतदाराने दंडवत्यांना निवडून दिले. मे १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला. बोनस, कामाचे तास, महागाई भत्ता या साध्या मागण्या होत्या. उत्तर मिळाले ते तुरुंग, बडतर्फी आणि क्वार्टर खाली करण्याच्या नोटिसांचे. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला, पण हजारो कामगार बाहेरच राहिले. पुढे आणीबाणी आली आणि दंडवते स्वतः बंगळूरच्या तुरुंगात गेले.

१९७७ साली मतपेटीने सरकार बदलले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. संपात बडतर्फ झालेल्यांना परत कामावर घेण्याचा निर्णय त्यांनी केला. जे दाद मागून मिळाले नव्हते ते मताने मिळाले. मात्र हेही विसरू नका, की संप झालाच नसता तर कोणत्याही मंत्र्याला ही आठवण राहिली नसती. लढा आणि मत ही एकाच गाडीची दोन चाके आहेत.

दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर दोन इंच फोम आला तो त्यांच्याच काळात. २६ डिसेंबर १९७७ ला पहिल्या वर्गाचा डबा नसलेली गीतांजली एक्स्प्रेस धावली. गरीब प्रवाशालाही पाठ असते, हे रेल्वे भवनात कोणाला तरी कळले!

१९८०, १९८४, १९८९ असे ते निवडून येत राहिले. १९८४ च्या लाटेत महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या, तरी राजापूर हलले नाही. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा दंडवते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. आणि पुढच्याच वर्षी, १९९१ ला, राजापूरने दंडवत्यांना पाडले. कोकणात गाडी आणायला झटलेला माणूस गाडी येण्याआधीच हरला. केलेले काम आपोआप मतात उतरत नाही. ते लोकांपर्यंत पोचवणारी संघटना मागे लागते.

आता आपल्याकडे वळू. सेवा-वर्तणूक नियमांमुळे आपल्याला निवडणूक लढवता येत नाही, पक्षाचा प्रचारही करता येत नाही. म्हणजे सभागृहात आपले तोंड दुसऱ्याच्या हाती आहे. म्हणून तो दुसरा कोण, हे नीट पारखणे आपल्याला इतरांपेक्षा जास्त गरजेचे आहे.

१ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या मुलांची जुनी पेन्शन गेली. १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन आली, पण तीत सरकारच्या जोडीने कामगाराच्याही पगारातून कपात आहेच. ग्रामीण डाक सेवक ऊन-पावसात टपाल वाटतो, पण नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा त्याला आजही नाही. या दोन प्रश्नांवर आपल्या भागाचा खासदार किती वेळा उठून बोलला? लोकसभेचे कामकाज छापील असते, ते काढून वाचता येते. प्रत्येक शाखेने ते वाचावे आणि सभासदांना सांगावे. शिष्टमंडळ नेऊन निवेदन द्यावे, पोच घ्यावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन विचारावे. जात, गाव आणि झेंडा यांच्या आधी ही वही उघडा.

मत गुप्त असते, पण हिशेब उघड असावा.

कामगार एकजुटीचा विजय असो!